चर्च सुटतं कधी आणि विक्का धरला जातो कधी?

रानवारा (धागाकर्ती)

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई विक्कन, म्हणजे विक्का हा धर्म मानणारी, आहे हे मला सहा वर्षांनी कळलं. अमेरिकेत, निदान आमच्या मिडवेस्टात, ऑफिसमध्ये धर्माचा विषय कुणी काढत नाही, त्यामुळे कळायचं काही कारणही नव्हतं. गेल्या महिन्यात तिच्या घरी गेले होते. पुस्तकांच्या कपाटातला मधला खण रिकामा करून तिथे वेदी मांडलेली. मिठाची वाटी, पाण्याचा पेला, अर्धी जळलेली हिरवी मेणबत्ती, कुठल्यातरी पक्ष्याचं पीस आणि डोक्यावर चंद्रकोर असलेली वीतभर उंचीची लाकडी देवी. त्या देवीच्या पायाशी जपमाळ गुंडाळून ठेवली होती. कॅथलिकांची, क्रूस लोंबणारी. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "आजीची," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

तेव्हापासून वाचतेय. विक्का कशाशी खातात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) हा मलायात कस्टममध्ये नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज. त्याचं म्हणणं असं की १९३९ मध्ये इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागात चेटकिणींच्या एका जुन्या, लपूनछपून टिकलेल्या मंडळात त्याला दीक्षा मिळाली. अशा मंडळाला कव्हेन म्हणतात. १९५१ साली ब्रिटनमधला १७३५चा चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरने पुस्तक लिहून हा धर्म चारचौघांत आणला. देवी आणि शिंगवाला देव अशी जोडी, पौर्णिमेच्या बैठका, वर्षाचे आठ सण, रिंगण आखून केलेले विधी. नीतीचा नियम एकच: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. सैतान यात कुठेही नाही. तो ख्रिस्ती कथेतला. ज्यांनी कथाच सोडली ते तिच्यातला खलनायक कशाला सोबत नेतील?

आता मुद्दा. "लोक ख्रिस्ती धर्म सोडून विक्काकडे का जातात" असा प्रश्न सगळे विचारतात, जणू एका दारातून बाहेर आणि लगेच समोरच्या दारातून आत. माझ्या सहकारी बाईने चर्च सोडलं एकोणिसाव्या वर्षी. विक्का हा शब्द आपल्यासाठी आहे असं तिला वाटलं एकतिसाव्या वर्षी. मधली बारा वर्षं ती कुणीच नव्हती. त्या बारा वर्षांबद्दल ती सगळ्यात जास्त बोलली. रविवारी सकाळी जाग यायची आणि काहीतरी करायचं राहिलंय असं वाटायचं. वडील गेले तेव्हा हातांना काय करू द्यावं कळेना, असं म्हणाली. "हातांना" हा तिचा शब्द.

माझा तर्क असा की सोडण्याची कारणं वेगळी आणि धरण्याची वेगळी, आणि आपण दोन्हींची भेळ करतो. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर

धागा चांगला आहे, पण उगाच तात्त्विक मुलामा देताय. १९९०च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर आणि सिनेमात सुंदर तरुण चेटकिणींची लाट आली होती. पोरींनी ती बघितली, काळे कपडे घातले, आईबापांना घाबरवलं, झालं. चर्चचा कंटाळा अधिक मेणबत्त्यांचं दुकान बरोबर विक्का. यात बारा वर्षांचा वनवास कुठून आला?

वाचनमात्र

'मेणबत्त्यांचं दुकान'ला +१ :)
(पण धागाही आवडला. वाचतोय.)

कडूनिंब

शंकासुरजी, लाट होती हे खरं. पण आकडे बघा, ते रानवारा यांच्या बाजूने बोलतात.

अमेरिकेत जनगणनेत धर्म विचारत नाहीत, त्यामुळे सर्वेक्षणांवर भागवावं लागतं. त्यातल्या एका मोठ्या सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार स्वतःला विक्कन म्हणवणारे १९९० मध्ये ८ हजार होते, २००१ मध्ये १ लाख ३४ हजार आणि २००८ मध्ये ३ लाख ४२ हजार. वाढ डोळे विस्फारणारी आहे, पण त्यातली काही वाढ 'बोलायची हिंमत आली' या सदरातली धरा. १९८६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात तिथल्या फेडरल अपील कोर्टाने विक्का हा कायद्याच्या नजरेत धर्मच आहे असं मान्य केलं (विधीचं साहित्य मात्र त्या कैद्याला मिळालं नाही ते नाहीच). तरीही १९९९ मध्ये, फोर्ट हूडच्या लष्करी तळावर सैनिक विक्कन विधी करतात म्हणून गदारोळ झाला तेव्हा, टेक्ससचे गव्हर्नर असलेले जॉर्ज बुश 'चेटूक हा धर्म आहे असं मला वाटत नाही' अशा अर्थाचं बोलले होते. दिवंगत सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर वर्तुळातला पंचकोनी तारा कोरायला परवानगी मिळाली २००७ मध्ये, तीही कोर्टकचेरी झाल्यावर. अशा वातावरणात १९९० साली फोनवरच्या अनोळखी माणसाला कोण सांगणार 'मी विक्कन'?

आता इंग्लंड-वेल्स. तिथे जनगणनेत धर्म विचारतात. २०११ ते २०२१ मध्ये ख्रिस्ती ५९.३ टक्क्यांवरून ४६.२ वर आले, म्हणजे ५० लाखांहून जास्त लोक कमी झाले. त्याच दशकात विक्का लिहिणारे साधारण १२ हजारांवरून १३ हजारांवर गेले. नुसतं 'पेगन' (ख्रिस्तपूर्व देवदेवता, निसर्ग मानणारे, विक्काचे भाऊबंद) लिहिणारे ७४ हजार, ते धरले तरी चिमूटभरच. 'धर्म नाही' लिहिणारे मात्र ३७ टक्क्यांवर पोचले. म्हणजे चर्चमधून बाहेर पडलेला माणूस बहुधा कुठेच जात नाही. खरा प्रश्न असा की त्या 'कुठेच नाही'मधून हे मूठभर लोक पुन्हा का उठतात.

अर्धविराम

रानवाराताई, मी काही वर्षं लंडनमध्ये होते. तिथे एका मैत्रिणीबरोबर विक्कन गटांच्या खुल्या विधींना चारपाच वेळा गेलेय. दीक्षा वगैरे नाही, प्रेक्षकच म्हणा. त्यामुळे थोडं बघितलेलं सांगते.

पहिल्याच वेळी अंगावर काटा आला तो एका साध्या गोष्टीने. सगळे रिंगण करून उभे होतो. मधोमध एक बाई उभी राहिली, पन्नाशीची असेल, स्वेटर घातलेली. तिने डोळे मिटले आणि बोलायला लागली. देवी*बद्दल* नाही, देवी *म्हणून*, 'मी' असं म्हणत. तो मजकूर मूळचा डोरीन व्हॅलिएंटीचा (१९२२-१९९९). १९५३ मध्ये गार्डनरने तिला दीक्षा दिली आणि मग तिने त्याच्या अर्ध्याकच्च्या विधींना भाषा दिली. विधी संपल्यावर माझ्या शेजारची एक बाई रडत होती. ती अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, घरातली. म्हणाली, लहानपणी वेदीच्या कठड्याच्या आत पाऊल टाकलं म्हणून ओरडा खाल्ला होता, आणि आज एक बाई मधोमध उभी राहून देवाच्या आवाजात बोलली.

तारखा बघा म्हणजे त्या रडण्याचा अर्थ लागेल. चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्या ३२ स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा दिली १२ मार्च १९९४ ला, ब्रिस्टलमध्ये. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं की स्त्रियांना अशी दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही. आणि विक्कात, निदान गार्डनरच्या परंपरेत, १९५०च्या दशकापासून पुरोहित बाई नसेल तर विधीच उभा राहत नाही.

पण फार हुरळून जाऊ नका. १९५७ मध्ये गार्डनरने 'प्राचीन नियम' म्हणून एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की वय झालेल्या प्रमुख पुरोहितेने तरुण बाईसाठी खुशीने जागा सोडावी. व्हॅलिएंटीने तो वाचला आणि ती आपल्या लोकांसकट बाहेर पडली. नियम प्राचीन आहेत, हे त्याआधी कुणाच्या कानावरही आलं नव्हतं!

शंकासुर

हाहाहा. प्राचीन नियम, शाई ओली.

दुसरा_पंच

मी ख्रिस्ती आहे, आजोबा पाळक होते, तेव्हा दुसऱ्या बाजूचंही कुणीतरी लिहावं म्हणून लिहितो. रागावलेलो नाही, आधीच सांगतो.

पवित्र शास्त्रात (बायबलात) निर्गमाच्या २२व्या अध्यायात चेटकिणीला जिवंत ठेवू नये असं वचन आहे, आणि त्या वचनाच्या आधाराने युरोपात माणसं मारली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते ओझं आमचं आहे. पण आज जे सोडून जातात ते बहुतेक त्या इतिहासामुळे जात नाहीत. ते जातात कारण पंधराव्या वर्षी त्यांनी विचारलं, 'माझी मैत्रीण चांगली आहे, पण तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, ती नरकात का जाईल?' आणि कुणीतरी म्हणालं, 'असले प्रश्न विचारू नयेत.' हे मी मंडळीत, म्हणजे चर्चच्या आमच्या समुदायात, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सिद्धांत ऐकून जाणारे थोडे. गप्प बसवलं म्हणून जाणारे पुष्कळ.

कडूनिंब यांचा प्रश्न, ते पुन्हा का उठतात. मला वाटतं, देव हवा असतो पण न्यायाधीश नको असतो. विक्कात अंतिम न्याय नाही, मूळ पाप नाही, शरीर ही लाजेची गोष्ट नाही. ऐकायला छान. माझी अडचण दुसरीकडे आहे. आमच्या प्रार्थनेचा कणा म्हणजे 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. मंत्रतंत्रात मात्र माझ्या इच्छेप्रमाणे व्हावं म्हणून मेणबत्ती लावायची. या दोन्हींत मला जमीनअस्मानाचा फरक दिसतो.

रानवारा

दुसरा_पंच, मनापासून आभार, अशाच प्रतिसादाची वाट बघत होते. तुमचा शेवटचा मुद्दा मी तिला जवळजवळ असाच विचारला होता. ती हसली. म्हणाली, चर्चमध्ये असताना परीक्षेच्या आदल्या रात्री मी जे मागायचे ते कुणाच्या इच्छेप्रमाणे होतं?

शिवाय 'करशील ते तिपटीने परत येईल' असा नियम बरेच विक्कन मानतात, त्यामुळे कुणाचं वाईट चिंतायला घाबरतात. ही नरकाचीच धाकटी बहीण नाही का, असंही मी विचारलं. त्यावर मात्र ती हसली नाही, विचारात पडली.

जुनापुराणा

इतिहासाचा मुद्दा कुणी नीट घेतलेला नाही, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते.

मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ मध्ये मांडलं की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं ते खरं म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माचे गुप्त अनुयायी होते. गार्डनरची सगळी इमारत या पायावर उभी. इतिहासकारांनी पुढे मरेबाईंचा सिद्धांत पार उसवला. १९९९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या रोनाल्ड हटन यांनी विक्काचा सविस्तर इतिहास लिहून दाखवलं की सलग चालत आलेला जुना धर्म वगैरे काही सापडत नाही. स्वच्छंदतावादी कविता, फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळाच्या दीक्षा, विधिवत जादूच्या मंडळ्या, लोककथांचा नाद, हे सगळं विसाव्या शतकाच्या मध्यावर एकत्र शिजलं. ९० लाख चेटकिणी जाळल्या हा आकडाही असाच हवेतला. आजचे अभ्यासक ४० ते ६० हजार देहदंड मानतात. पुन्हा, इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्यासाठी जाळत नसत, फाशी देत. अमेरिकेतल्या सेलमला १६९२ मध्ये १९ जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. जाळलं कुणालाच नाही.

आता मजा बघा. माणूस चर्च का सोडतो? तर 'बायबलातल्या गोष्टी इतिहास म्हणून टिकत नाहीत.' आणि येऊन कुठे बसतो? जिथला इतिहास त्याहून पातळ!

पण हटन यांचं पुस्तक आल्यावर विक्का कोसळला नाही. काही जण चिडले, पण बऱ्याच जणांनी खांदे उडवले. 'बरं, सत्तर वर्षांचा तर सत्तर वर्षांचा. काम करतो ना?' एखाद्या ख्रिस्ती माणसाला उद्या सिद्ध करून दाखवलं की पुनरुत्थान घडलंच नाही, तर त्याचं सगळं संपलं. बायबलातला प्रेषित पौल स्वतःच तसं लिहून गेलाय. विक्कन माणसाचं तेवढ्याने काहीच संपत नाही. हा कमकुवतपणा की ताकद, ते तुम्ही ठरवा. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

शंकासुर

'काम करतो ना' म्हणजे काय? मेणबत्ती लावून नोकरी लागते?

अर्धविराम

नाही लागत. पण तुमच्या प्रश्नावर एका बाईने आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत.

टान्या लुहर्मन या मानववंशशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात लंडनमधल्या जादू करणाऱ्या गटांत जाऊन राहिल्या. शिकलेसवरलेले, संगणकावर काम करणारे लोक हे कसं मानतात, हा त्यांचा प्रश्न. १९८९ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. त्यांना दिसलं ते असं की हे लोक आधी मानत नाहीत, आधी *करतात*. डोळे मिटून चित्र बघायचा सराव, स्वप्नांची वही, चंद्राच्या तिथ्या. हळूहळू घडणाऱ्या गोष्टींकडे बघायची नजर सरकत जाते. काल ज्याला योगायोग म्हटलं असतं त्याला आज खूण म्हणतात. कुठल्या दिवशी विश्वास बसला ते त्यांनाही सांगता येत नाही.

पुढे याच बाईंनी अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (देवाशी थेट, वैयक्तिक नात्यावर भर देणाऱ्या) चर्चचा अभ्यास केला. तिथे देवाशी मित्रासारखं बोलण्याचा सराव करतात, कुणी तर समोर देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवतात. आणि लुहर्मन यांना दोन्हीकडे सराव करता करता होणारा तोच बदल दिसला. शंकासुर, मला यातून कळलं ते असं की चर्च सोडलेल्या माणसाला तर्काने जे पटलं ते एका बाजूला राहतं, आणि शरीराला लागलेली सवय दुसऱ्या बाजूला भुकेली राहते. रानवाराताईंच्या मैत्रिणीचे 'हात' ते हेच.

आणि भुलवून नेतात हा गैरसमज आधी काढून टाका. विक्कन प्रचार करत नाहीत. जुन्या वळणाच्या कव्हेनमध्ये तर तुम्ही मागे लागलात तरी दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबवून ठेवायची रीत आहे. अर्थात अमेरिकेतले बहुतेक लोक कव्हेनच्या वाटेला जातच नाहीत. १९८०च्या दशकापासून एकट्याने विक्का पाळण्याची पुस्तकं ढिगाने निघाली, तेव्हापासून स्वतःच स्वतःला दीक्षा देणारेच जास्त. मंडळी नको, पाळक नको, वर्गणी नको.

दुसरा_पंच

'मंडळी नको' इथेच माझं घोडं अडतं. आजारी पडल्यावर भेटायला कोण येतं?

अर्धविराम

खरंय. याला उत्तर नाही माझ्याकडे. जी मैत्रीण मला घेऊन जायची, ती याच कारणाने चार वर्षांनी पुन्हा चर्चला जायला लागली. सण आठही पाळते अजून, घरातल्या घरात.

टिचभर

एक भाबडा प्रश्न. समलिंगी लोक चर्चने झिडकारल्यामुळे विक्काकडे जातात असं वाचलं होतं. पण देव-देवी जोडी हाच पाया असेल तर तिथे तरी त्यांना जागा कशी?

जुनापुराणा

भाबडा कसला, नेमका आहे. सुरुवातीला जागा नव्हतीच. गार्डनरला समलिंगी लोकांचं वावडं होतं आणि स्त्री-पुरुष ध्रुवांशिवाय जादू होत नाही असं त्याचं मत. पण विक्काला पोप नाही. ज्याला पटलं नाही त्याने आपली नवी शाखा काढली. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये समलिंगी पुरुषांसाठी एक परंपरा सुरू झाली, कॅलिफोर्नियात फक्त स्त्रियांच्या आणि फक्त देवीला मानणाऱ्या डायॅनिक गटांनी जोर धरला. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी ट्रान्स स्त्रियांना आत घ्यायचं नाकारलं आणि तिथेही जुंपली. चर्च सोडून आलेल्यांना हे भांडण फार ओळखीचं वाटलं असणार.

वाचनमात्र

लिहित नाही म्हटलं होतं, पण राहवत नाही. रानवारा, त्या जपमाळेचं काय झालं? सुरुवातीला दाखवलीत आणि मग सगळे इतिहासात घुसलात.

रानवारा

:) विचारलं मी. काल दुपारी, डबा खाताना.

३१ ऑक्टोबरच्या रात्री त्यांचा साविन असतो. लिहितात वेगळं, उच्चार साविन. वर्षाचा शेवट आणि मेलेल्यांची आठवण. त्या रात्री ती दिवे मालवून टेबलावर एक जास्तीचं ताट मांडते आणि न बोलता जेवते. मग जमिनीवर मिठाने रिंगण आखते, आत बसते आणि जपमाळेची एक फेरी पुरी करते. पोलिश भाषेत, आजीने शिकवली होती तशी. मधले काही शब्द आता विसरलेय, तिथे नुसती गुणगुणते म्हणाली.

मी म्हटलं, तू तर मानत नाहीस ना ते?

"मी नाही. पण आजीला विक्कातलं काय कळणार?"

मग डबा बंद करता करता म्हणाली की गेल्या वर्षी माळेचा एक मणी निखळला. सोफ्याखाली शोधला, सापडला नाही. आता त्या जागी आल्यावर बोट रिकाम्या दोऱ्यावर ठेवते आणि प्रार्थना तेवढीच म्हणते.